सोळा माणसांचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर मी उभी राहिले ती फार तर आभार मानायला. त्यामुळे कार्यवाहबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सोळा माणसे घेऊन फ्लॉरिडाला डिस्ने वर्ल्ड पाहून आलात, त्यावर बोला," तेव्हा मी आधी हात जोडले. प्रवासवर्णन करणे मला येत नाही. तिथला तो निळा-पांढरा राजवाडा आणि रात्रीची आतषबाजी तुम्ही सगळ्यांनी नातवंडांच्या मोबाईलवर पाहिलेलीच आहे. पण बाई म्हणाल्या, "राजवाड्याचे राहू द्या. सोळा माणसे उतरलात कुठे, ते सांगा." म्हटले, हे मात्र सांगण्यासारखे आहे. कारण पाहण्यात आमचे सहा दिवस गेले, आणि उतरायचे कुठे हे ठरवण्यात पाच महिने. त्या पाच महिन्यांत आमच्या घरात जे काय झाले, ते तुमच्याही घरात होणार आहे. या सभागृहातल्या निम्म्या जणींची मुले परदेशी आहेत, आणि "आई, या वर्षी सगळे मिळून डिस्नेला जाऊ," असा फोन आज ना उद्या येतोच.

आधी माणसे सांगते, म्हणजे पुढचे कळेल. आम्ही उभयता. माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ७८. मुले त्यांना मोठीआई म्हणतात, आणि आता आम्हीही तेच म्हणतो. माझ्या वन्सं आणि त्यांचे यजमान. न्यू जर्सीचा पुतण्या, म्हणजे मोठीआईंचा मुलगा, त्याची बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. डॅलसचा माझा मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू. टोरांटोची लेक, जावई आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. मोजा, सोळा भरतात. थोरले दीर २०२१ साली गेले. त्यानंतर सगळे एकत्र असे कुणी भेटलेच नव्हते. पुतण्याने मनावर घेतले की २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत मोठीआईसाठी सगळ्यांनी जमायचे. मुलांना हौस म्हणून जागा ठरली डिस्नेची.

ती जागा केवढी आहे, हे कळल्याशिवाय मुक्कामाचा प्रश्न कळत नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियात पहिले डिस्नेलँड उघडले, तेव्हा बागेभोवतालची जमीन त्यांची नव्हती. फाटकाबाहेर बघता बघता इतरांची मोटेले आणि खानावळी उभ्या राहिल्या. पुढे वॉल्ट डिस्ने यांनी फ्लॉरिडात ऑर्लँडोजवळ हजारो एकर दलदलीची जमीन आपले नाव बाहेर न फोडता विकत घेतली. म्हणजे लोक उतरतील तेही आपल्याच हद्दीत. ते स्वतः १९६६ साली वारले. त्यांचे बंधू रॉय यांनी काम पुरे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ ला ती बाग उघडली. आज तिथे एक नाही, चार मोठ्या बागा आहेत : मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. एकीपासून दुसरी मैलोगणती दूर. सगळी हद्द सुमारे ४० चौरस मैलांची, आणि तिच्या आत दोन डझनांवर हॉटेले. हद्दीबाहेर किसिमी वगैरे गावांतून भाड्याने मिळणारे बंगले आहेत, ते वेगळेच. म्हणजे आपण "डिस्नेला उतरलो" असे म्हणतो, त्याला काही अर्थ नाही. पुण्याला उतरलो म्हणजे स्वारगेटला उतरलो की चिंचवडला, असा तो प्रश्न आहे.

मुलांनी पहिल्या आठवड्यातच बंगला पसंत केला. किसिमीजवळ, सात खोल्यांचा, मागे पोहण्याचा स्वतंत्र तलाव, आणि स्वयंपाकघर तर असे की आपल्या मंगल कार्यालयाला शोभावे. फोटो सगळ्यांना पाठवले. डोईभर भाडे काढले तर हॉटेलच्या मानाने कितीतरी कमी. पुतण्याने खाली लिहिले होते, "मोठीआईच्या हातच्या पुरणपोळ्या, तीस वर्षांनी सगळे एका पंगतीला!" त्यावर सगळ्यांनी हात जोडल्याची आणि डोळ्यांत पाणी आल्याची चित्रे टाकली. मीसुद्धा टाकले. खोटे कशाला बोलू? बंगल्याच्या बाजूने सगळ्यांत जोराने बोलले असेन तर मीच. बाहेरचे खाणे सोसत नाही, लहान मुलांना वरणभात लागतो, हे माझेच शब्द.

दोन दिवसांनी मोठीआईंचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग त्यांनी विचारले, "अगं, तिथे शेगड्या किती आहेत?"

मी म्हटले, "चार असतील. का?"

"काही नाही. सोळा माणसांच्या पोळ्या म्हणजे दोन तवे लागतील. एक मी इथून घेऊन येईन म्हणते."

मैत्रिणींनो, फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. त्या आवाजात तक्रार अशी नव्हतीच. बेचाळीस वर्षे मी त्यांना पाहते आहे. लग्न होऊन आले तेव्हा एकत्र घर होते. माझी नोकरी त्यांच्या जिवावर झाली, माझी दोन्ही मुले त्यांच्या हातची खाऊन मोठी झाली. सुटीत कुठे गेलो तर नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला. आणि तिथेही खोली घेतली की दीर भाड्याची भांडी आणत आणि मोठीआई स्टोव्ह पेटवून बसत. दर्शनाला आम्ही आधी जायचो, त्या मागून. माझ्या आठवणीत त्या घराबाहेर एक रात्र राहिल्या आहेत आणि दुसऱ्या सकाळी काय रांधायचे हा विचार त्यांनी केला नाही, असे झालेले नाही. आणि आता त्यांच्याच नावाने जमायचे ठरवून आम्ही त्यांना सात समुद्रांपलीकडे नेऊन नव्या ओट्यापाशी उभे करणार होतो.

मी मुलांना फोन केला आणि बंगला नको म्हणाले. घरात वादळ झाले. पुतण्याला वाटले, त्याच्या प्रेमावरच मी बोट ठेवले. पुतणसून शांतपणे म्हणाली, "काकू, त्यांना करायला आवडते." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी कुणाबद्दल तरी म्हटलेले आहे. मी तिला एवढेच म्हटले, "आवडत असेल. पण त्यांना कुणी कधी विचारले आहे का?" बंगल्याची आगाऊ रक्कम भरली होती, तिच्यातला काही भाग बुडाला. मालकाशी पत्रव्यवहार करून उपयोग झाला नाही. तो खर्च आम्ही उभयतांनी सोसला, कारण आधी बंगल्याची शिफारस माझी होती.

बंगल्याच्या विरुद्ध दुसरेही एक कारण होते, आणि पैशाच्या भाषेत बोलणाऱ्या मुलांना ते पटले. हद्दीबाहेर राहिले की मोटार हवी. सोळा माणसांना दोन मोठ्या गाड्या. मॅजिक किंगडमला तर मोटार बागेच्या दारापर्यंत जातच नाही. ती तळ्याच्या अलीकडे ठेवायची, तिथून छोट्या ट्रामने फाटकाशी यायचे आणि मग बोटीने किंवा मोनोरेलने तळे ओलांडून बागेच्या दाराशी. सकाळी उत्साह असतो, चालते. पण दुपारी दोन वाजता मोठीआईंचे गुडघे दुखू लागले आणि अडीच वर्षांच्या पोराला झोप आली, की हाच सगळा क्रम उलटा करायचा, वर मोटार हाकायला एक धडधाकट माणूस बरोबर पाठवायचा. हद्दीतल्या हॉटेलाची बस मात्र थेट बागेच्या दाराशी येते आणि तिला भाडे नाही. शिवाय हद्दीत उतरणाऱ्यांना रोज कोणत्याही बागेत अर्धा तास आधी सोडतात, आणि तिथल्या उपाहारगृहांत जागा राखायची असते ती मुक्काम सुरू होण्याच्या साठ दिवस आधी साऱ्या मुक्कामासाठी एकदम राखता येते. सोळा माणसांना एका वेळी जागा मिळणे म्हणजे किती कठीण, हे लग्नाच्या पंगती उठवलेल्या बायकांना सांगायला नको.

हद्दीतच राहायचे ठरले, तरी हॉटेल कोणते? इथून माझा खरा अभ्यास सुरू झाला. रात्री नातीबरोबर बसून खोल्यांचे आराखडे पाहायचे, आणि दिवसा ते वहीत काढायचे. तुम्हाला हसू येईल, पण घर घेतानासुद्धा मी इतके आराखडे पाहिले नव्हते.

सगळ्यांत स्वस्त गटात आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन नावाचे हॉटेल आहे, २०१२ साली उघडलेले. तिथे कुटुंबासाठी सहा माणसांची खोली मिळते, दोन न्हाणीघरांची. अशा तीन घेतल्या तर आम्ही मावत होतो. शिवाय तिथून आकाशपाळणे निघतात. स्कायलायनर म्हणतात त्याला. २०१९ साली सुरू झाले, आणि एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओज या दोन बागांना नेऊन सोडतात. पण आराखडा नीट पाहिला तेव्हा कळले की बंद दाराआड पलंग एकच. बाकी चौघांपैकी दोघे सोफ्यावर आणि दोघे एका टेबलावर. थट्टा नव्हे, जेवणाचे टेबल रात्री उलटे केले की त्याचा पलंग होतो. म्हणजे टेबलावरचा माणूस उठल्याशिवाय चहा कुठे ठेवायचा? पोरे खूश झाली असती. मी फुली मारली.

फोर्ट वाइल्डरनेस म्हणून झाडीत लाकडी घरकुले आहेत. तिथे सहा माणसे आणि चूल होती, पण न्हाणीघर एकच. (ती घरकुले काढून २०२४ साली नवी उभारली, हे नंतर कळले.) ओल्ड की वेस्ट हे आणखी एक, १९९१ चे. तिथल्या खोल्या ऐसपैस, दोन शयनगृहांच्या बिऱ्हाडात नऊ माणसे राहतात. माझे मन तिथे फार रमले होते. पण बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही. तळमजला मागता येतो. मिळेलच असे कुणी लिहून देत नाही. मोठीआईंना जिने चढवण्यापेक्षा तो नाद सोडला. मॅजिक किंगडमला पायी जाता येईल असे बे लेक टॉवर आहे, तिथले दर पाहिल्यावर यजमान म्हणाले, "इतक्यात आपण गावाकडचे घर शाकारून घेऊ."

शेवटी ठरले ते अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधले किडानी व्हिलेज. २००९ साली पुरे झालेले. तिथेही दोन शयनगृहांचे बिऱ्हाड नऊ माणसांचे. पण न्हाणीघरे तीन! आमचे निम्मे मन तिथेच बसले. सोळा माणसे सकाळी आठला बाहेर काढायची तर पलंगांच्या संख्येला फारसा अर्थ नसतो, न्हाणीघरांच्या संख्येला असतो. मोठ्या खोलीला टबाखेरीज वेगळी न्हाणीही आहे, म्हणजे टबाच्या उंच काठावरून म्हाताऱ्या माणसाला पाय टाकावा लागत नाही. घरातच कपडे धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र. स्वयंपाकघर पूर्ण. आणि सज्जातून दिसते ते मोकळे माळरान, तिथे जिराफ आणि झेब्रे चरतात. माळरानाकडच्या बिऱ्हाडाला दर जास्त. आम्ही दोन बिऱ्हाडे घेतली, त्यांतले एकच माळरानाकडचे. दोन्हीकडून जिराफ पाहायची काही गरज नसते. पहाटे सगळे एकाच सज्जात जमतात.

तोटाही सांगते. हे हॉटेल हद्दीच्या एका कोपऱ्यात आहे. मोनोरेल नाही, आकाशपाळणा नाही. जायचे ते बसने. इमारत लांबच लांब, वळत गेलेली. लिफ्टपासून लांबची खोली आली तर आपल्या इथल्या दोन बसथांब्यांइतके चालणे होते. आम्ही लिफ्टजवळची खोली मागून ठेवली होती. आणि चाकांची खुर्ची आठवड्यासाठी बाहेरून भाड्याने आणली, कारण बागेत मिळणारी खुर्ची बागेबाहेर नेता येत नाही. बसला उतरण असते, खुर्चीच्या माणसाला आधी चढवून घेतात. मोठीआई पहिल्या दिवशी लाजल्या. दुसऱ्या दिवशी बस आली की, "चला, माझ्यामुळे तुमची सोय होते," असे त्याच म्हणू लागल्या.

पैशाचे थोडक्यात. हॉटेलच्या छापील दराने ही दोन बिऱ्हाडे आमच्या आवाक्यातली नव्हती. पण या बिऱ्हाडांचे सभासद असतात. त्यांनी वर्षाचे गुण विकत घेतलेले असतात, आणि ज्यांना त्या वर्षी जायचे नसते ते आपले गुण दुसऱ्याला भाड्याने देतात. तसे घेतले की बरेच स्वस्त पडते. मात्र एकदा घेतले की बहुधा पैसे परत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, व्हिसा हातात पडल्याशिवाय हा व्यवहार करू नका. २०२२-२३ साली आपल्याकडे अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला वर्ष-वर्ष वाट पाहावी लागत होती. आमचे व्हिसे आधीचे होते म्हणून निभावले. आणखी एक : विमानतळावरून हॉटेलात फुकट नेणारी बस २०२२ च्या आरंभीच बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबून सोळा माणसे आणि तीस बॅगा घेऊन तिची वाट पाहू नका. तिकिटाचेही ध्यानात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, आणि दहा वर्षे पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. आमच्या दहा वर्षांच्या नातवाला आपण "मोठे माणूस" झाल्याचा आनंद, आणि त्याच्या बापाला त्याचे दुःख.

आता खोल्यांची वाटणी. ज्यासाठी मी बोलायला उभी राहिले ते हेच आहे.

दोन बिऱ्हाडे म्हणजे बंद दाराची चार शयनगृहे. आमच्यात जोडपी पाच. मुलांनी यादी केली आणि मला पाठवली. चार जोडप्यांना चार खोल्या. पुतण्या आणि त्याची बायको मोठ्या मनाने बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या पलंगावर. आणि दुसऱ्या बैठकीच्या खोलीत, तसल्याच सोफ्यावर, "मोठीआई + मुले".

मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "काकू, ती एकटी आहे ना, म्हणून." मग मोठीआईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मला काय, कुठेही चालेल."

दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते. पण तो "एकटी" शब्द माझ्या कानात बसला. दीर होते तोवर या बाईला लग्नाकार्यात, गावाला, कुठेही खोली मिळत असे. ते गेले आणि यादीतून त्यांची खोली गेली. गुडघे तेच, वय दोन वर्षांनी वाढलेले. पण आता त्या मुलांबरोबर सोफ्यावर. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे, मला सांगायला नको. समोर बसलेल्या काही जणींकडे मी आत्ता मुद्दाम पाहत नाही.

मी ती यादी फाडली आणि वयाने, गुडघ्याने आणि झोपेने नवी केली. माळरानाकडच्या बिऱ्हाडातली मोठी खोली, स्वतंत्र न्हाणीची, मोठीआईंना. सोबतीला चौदा वर्षांची नात. दुसरी खोली वन्सं आणि त्यांच्या यजमानांना. त्या बिऱ्हाडाच्या बैठकीत पुतण्या, सून आणि मुलगा. दुसऱ्या बिऱ्हाडात मोठी खोली माझ्या मुला-सुनेला, कारण अडीच वर्षांचे पोर सातला झोपते आणि त्याला दार लावून अंधार लागतो. दोन पलंगांची खोली लेक-जावई आणि दोन मुलांना. आणि बैठकीतल्या सोफ्यावर आम्ही उभयता. यजमान तिसऱ्या दिवशी कंबर धरून उठले. जावयाने मुकाट्याने जागा बदलली. हे मी सांगते अशासाठी की न्याय करायला निघालेल्या माणसाने आपल्या यजमानांचीही कंबर विचारात घ्यावी. मी घेतली नव्हती.

वन्संच्या खोलीची गंमत वेगळी. अशा बिऱ्हाडांत दोन प्रकार असतात. एका प्रकारात दुसऱ्या शयनगृहाला बाहेरच्या ओवरीत उघडणारे स्वतःचे दार असते, आतून बिऱ्हाडाला जोडणारे दुसरे दार, आणि चहापुरता कोपराही. हा प्रकार मी मुद्दाम मागून घेतला. गावच्या घराच्या विक्रीवरून वन्सं आणि माझ्यात दोन वर्षे बोलणे बेताचेच होते. म्हटले, त्यांना वाटेल तेव्हा मधले दार लावून घेता यावे, आणि बाहेर जाताना कुणाच्या देखत जावे लागू नये. पहिले दोन दिवस ते दार बंद होते. तिसऱ्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये दुपारी मोठीआई थकल्या. त्यांना घेऊन परत जायला मी उठले, तर वन्संही उठल्या. बसमध्ये मोठीआई मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. हॉटेलवर आलो, मोठीआई झोपल्या. मी सज्जात बसले. मधले दार उघडले आणि वन्सं दोन कप चहा घेऊन आल्या. घराच्या विक्रीबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही, आजही बोललेलो नाही. समोर एक जिराफ झाडाचा पाला ओरबाडत होता, त्याच्याकडे बघत दोघी बसलो. ते दार मग परतीच्या दिवसापर्यंत उघडे राहिले.

स्वयंपाकघराचा नेम असा केला होता : सकाळचा चहा-पोहे आणि लहानांचा वरणभात एवढेच घरी, आणि तेही पाळीने, पुरुषांसुद्धा. किराणा दारात येतो. रात्रीचे जेवण बाहेर. त्याच हॉटेलात खाली साना म्हणून उपाहारगृह आहे, आफ्रिकी जेवणाला हिंदुस्थानी मसाल्याची जोड देणारे. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या एकत्र मागवता येतात. मोठीआईंनी सगळ्या चटण्या चाखल्या, एकीत कोथिंबीर शिळी असावी असा निर्वाळा दिला, आणि दोन नान खाल्ले.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती मुलाच्या फोनने. "आई, त्या बिऱ्हाडात ये, वास येतोय." गेले. मोठीआई ओट्यापाशी. कणीक आणि पिठीसाखर इथून आणली होती, बॅगेच्या तळाशी. तवाही आणला होता! पोळ्यांची चळत झाली होती. पुतण्या टेबलाशी बसून तूप-साखर-पोळी खात होता आणि त्याचे डोळे भरले होते. मला मात्र राग आला. पाच महिने भांडून, पैसे बुडवून मी जे टाळले, ते बाईने पहाटे पाचला उठून पुरे केले.

मी म्हटले, "वहिनी, हे काय?"

त्या म्हणाल्या, "अगं, झोप येईना. सज्जात बसले होते. जिराफ उठले, म्हटले आपणही उठावे." मग तवा उतरवून हात पुसत म्हणाल्या, "आणि भांडी कोण घासणार, ते आज मी विचारणार नाही."

भांडी पुतण्याने यंत्रात लावली. तवा त्यात जात नाही हे त्याला ठाऊक नव्हते. तो मी काढून घेतला. त्यांनी पोळ्या हौसेने केल्या की सवयीने, हे मला अजून उमगलेले नाही. त्यांनाही विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मोठी खोली छान होती हो."

वेळ झाली, कार्यवाहबाई घड्याळ पाहत आहेत. दोन्ही बिऱ्हाडांचे आराखडे मी वहीतून मोठे काढून आणले आहेत. दारे, पलंग, न्हाणीघरे सगळे दाखवले आहे, आणि खोल्यांच्या वाटणीची पहिली यादीही शेजारी डकवली आहे, तुकडे जोडून. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर ठेवते. ज्यांना उतरवून घ्यायचे असेल त्यांनी पेन्सिल आणावी. माझ्याकडे एकच आहे.